फॉर्मवर पोसलेली आई

वरचे सगळे दात मी एकाच दिवशी काढून घेतले. चर्चच्या तळघरात दातांचं शिबिर भरलं होतं, तिथे. काढणं फुकट होतं, नवे बसवणं नव्हतं. कवळीचे सोळाशे डॉलर सांगितले. तेव्हापासून दोन वर्षं मी मक्याचा पाव ताकात भिजवून खात होते.

करोनाच्या साथीच्या वर्षी एप्रिलात सरकारने माणशी बाराशे डॉलर वाटले. आमच्या खोऱ्यात सगळ्यांना आले. शेजारच्या नोला कॉम्ब्सलाही आले, जिने जन्मात टॅक्स भरलेला नाही. मला आले नाहीत. मुलाला, ड्वेनला, विचारलं तर म्हणाला, "म्हाताऱ्यांचे मागून येतात." जानेवारीत पुन्हा सहाशे वाटले. तेही मला आले नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटी नोलाच्या गाडीतून मी लायब्ररीत गेले. तिथे कॉडिलबाई लोकांचे टॅक्सचे फॉर्म फुकट भरून देतात. याच बाईंनी मला एकसष्टाव्या वर्षी अक्षरं शिकवली, त्यामुळे त्यांना काहीही विचारायला मला लाज वाटत नाही.

"मी टॅक्सच भरत नाही, मग मला रिफंड कसला?"

"ते पैसे म्हणजे गेल्या वर्षीच्या टॅक्समधली सूटच आहे, ओर्फाबाई. सरकारने आगाऊ वाटली, एवढंच. ज्याला मिळाली नाही त्याने फॉर्म भरून मागायची. टॅक्स शून्य असला तरी रिफंड म्हणून हातात येते. बाराशे आणि सहाशे, अठराशे. फक्त एक सांगा. स्वतःच्या फॉर्मवर 'हिला मी पोसतो' असं तुमच्याबद्दल कुणी लिहिलेलं नाही ना? तसं असेल तर तुम्हाला दमडी मिळणार नाही."

"मला कोण पोसणार? घर माझं, पेन्शन माझी. मुलगा-सूनच माझ्याकडे राहतात."

बाईंनी फॉर्म कॉम्प्युटरवरून पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, फॉर्म परत आला म्हणून. माझा सरकारी ओळखीचा नंबर आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी फॉर्मवर होता.

"कुणाच्या, ते सांगत नाहीत," बाई म्हणाल्या.

"सांगायची गरज नाही," मी म्हटलं.

माझी सून रोंडा टॅक्सच्या दुकानात, पैसे घेऊन लोकांचे फॉर्म भरून देतात तिथे, कामाला होती. जानेवारी ते एप्रिल हिरवा झगा आणि फोमचा मुकुट घालून, न्यूयॉर्कच्या त्या पुतळ्यासारखी, ती गिऱ्हाइकं बोलवायला रस्त्याकडेला दुकानाचा बोर्ड हलवत उभी राहायची. कामाला असणाऱ्यांचे फॉर्म दुकान फुकट भरून देतं. संध्याकाळी ती झग्यातच स्वयंपाकघरात बसली होती. ड्वेनचं डोकं फ्रीजमध्ये होतं.

"ड्वेन, मला तू पोसतोस असं लिहून दिलंस?"

"आता काय झालं?"

"विचारलं त्याचं उत्तर दे."

"अगं आई, फॉर्मवर एक ओळ असते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं नाव टाकलं की पाचशे सुटतात. गेल्या वर्षीही टाकलं होतं. सगळेच टाकतात."

"तू मला पोसतोस?"

"लाइटचं बिल कोण भरतं?"

"तीनदा भरलंस. तेही तुझ्याच टीव्हीचं."

रोंडाने मुकुट काढून टेबलावर आपटला. "सासूबाई, दोन वर्षं तुमचं मचमच खाणं ऐकतेय मी. पाचशे डॉलर त्याचेच समजा."

"त्या पाचशेपायी माझे अठराशे बुडवलेत तुम्ही."

फ्रीजचं दार तसंच उघडं राहिलं. ड्वेन वळला. हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. त्याने मला चोरलं होतं आणि चोरी काय किमतीची हेही बघितलं नव्हतं.

"अठराशे?" त्याने बायकोकडे पाहिलं. "तू टॅक्सच्या दुकानात आहेस ना गं?"

"मी बाहेर बोर्ड हलवते! आत काय चालतं ते मला काय माहीत?"

ड्वेन खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला. आवाज एकदम मऊ. "हे बघ आई. मी फॉर्म दुरुस्त करतो, तुझं नाव काढतो. माझे पाचशे जातील. मग तुझे आले की अर्धे अर्धे."

"अर्धे कशाबद्दल?"

"नाव काढायचे."

"माझंच नाव काढायचे?"

"मग नाही काढत. बस बोंबलत."

कॉडिलबाईंनी दुसरा मार्ग सांगितला. कागदावर फॉर्म भरून टपालाने पाठवायचा. तो परत येत नाही. मग सरकार दोघांनाही पत्र पाठवून पुरावा मागतं, आणि ज्याने खोटं लिहिलं त्याला पैसे परत करावे लागतात. फॉर्म बाईंनी भरला. घराच्या कराच्या आणि गॅसच्या पावत्या माझ्या कपाटात होत्या. त्यांच्या प्रतीही काढून ठेवा म्हणाल्या. मी घरी येऊन सही केली, पाकीट बंद केलं, घरासमोर रस्त्यावरच्या आमच्या टपालपेटीत ठेवलं आणि पोस्टमनने न्यावं म्हणून पेटीची लाल पट्टी वर केली.

आमचा पोस्टमन हॉबर्ट एक वाजता येतो. अकरालाच पट्टी खाली होती. पाकीट मला परसात कचरा जाळायच्या पिंपात सापडलं, अर्धं जळलेलं.

मी पुन्हा लायब्ररीत गेले. बाईंनी फॉर्म पुन्हा छापून दिला. पुढच्या सोमवारी मी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली, रस्त्यावर नेली आणि टपालपेटीला पाठ टेकून बसले. बर्फाचा चिखल झाला होता. पाकीट कोटाच्या आत होतं.

बाराच्या सुमाराला ड्वेन आला.

"आत चल. लोक बघतायत."

"बघू देत."

"आई, तो कागद गेला तर माझी चौकशी लागेल. दोन वर्षांचे हजार भरावे लागतील, वर व्याज. पोटच्या पोराला पकडून देतेस तू?"

"पिंपात काय जाळलंस?"

"ते रोंडाने."

"काडी तुझी होती."

तो पेटीभोवती फिरला. बूट चिखलात पचपचत होते. "ऐक. तो कागद दिलास तर आम्ही जाऊ. मग पड एकटी. पाय घसरून पडलीस तरी उचलायला कुणी नसेल."

"कधी?"

"काय कधी?"

"कधी जाताय?"

त्यावर त्याने जी शिवी दिली ती त्याच्या बापानेही मला कधी दिली नव्हती.

हॉबर्टची गाडी वळणावर दिसली तशी मी उठले. पाकीट त्याच्या खिडकीत दिलं. ड्वेनने माझ्या खांद्यावरून खिडकीत हात घातला.

"ते चुकून दिलंय तिने. आण इकडे. तिला नीट वाचता येत नाही."

हॉबर्टने पाकीट मांडीवर घेतलं आणि कोपऱ्यातलं नाव सावकाश वाचलं. "पाठवणार, ओर्फा टॅकेट." मग वर पाहिलं. "तू ओर्फा का रे?"

"मुलगा आहे मी तिचा!"

"म्हणजे नाहीस. हात काढ, काच वर घ्यायचीय. काकू, तिकिटं पुरेशी आहेत ना?"

"दोन जास्त लावलीत."

गाडी गेली. ड्वेनने माझी खुर्ची लाथेने गटारात ढकलली आणि घरात गेला. ती काढायला मला बराच वेळ लागला.

ईस्टरच्या आदल्या दिवशी ते दोघं गेले. कपडे धुवायचं मशीन नेलं. ते मी घेतलं होतं, पण मी दारातून बघत राहिले आणि अडवलं नाही. उन्हाळ्यात सरकारचं पत्र आलं, मी पावत्यांच्या प्रती पाठवल्या. ऑक्टोबरात चेक आला. अठराशे, आणि वर थोडं व्याज.

नोव्हेंबरात ड्वेनचा फोन आला. त्यालाही पत्र पोचलं होतं.

"आई, त्यांना लिही की तुझी चूक झाली. मीच पोसत होतो म्हणून लिही."

"नाही लिहिणार."

"मग निदान ते हजार तरी दे. तुझ्याकडे आहेत आता."

"नाहीत. तोंडात आहेत."

"तुझ्या मातीलाही येणार नाही मी," तो म्हणाला.

मी फोन ठेवला. कवळी डाव्या हिरडीला घासत होती, रक्त आलं होतं. डॉक्टरने गुरुवारी ती घासून द्यायला बोलावलं होतं, आणि गाडीसाठी पुन्हा नोलालाच विचारायचं होतं.