केलेल्या गोलांचा रकाना

मित्रांनो, मी एक जुनी हॉकी स्टिक आहे. सध्या वरकुटे गावात कोंबड्यांच्या खुराड्याला अडसर म्हणून असते, म्हणून सगळे मला काठी म्हणतात. त्याचाच मला राग येतो.

जालंधरला तुतीच्या लाकडातून मला घडवलं. १९९४ साली मी इंदापूरच्या एका शाळेत आले. चांगल्या स्टिका मुलांनी उचलल्या, उरलेल्यांतल्या हलक्या स्टिका पुढं खेळणाऱ्या मुलींनी घेतल्या. मी जड, म्हणून विजयमालाच्या वाट्याला आले. ती बचावाला खेळायची, म्हणजे आपल्या गोलापुढं उभी राहून येईल तो चेंडू अडवायची. या कामाला यश नाही. दहा चेंडू अडवा, कुणी टाळी वाजवत नाही. एक सुटला की सगळं मैदान बोंबलतं. तिच्या घामानं माझ्या मुठीची पट्टी काळी पडली, पण तिनं मला एकदाही रागानं आपटलं नाही.

१९९६ च्या डिसेंबरात बारामतीला सामने होते. तिथून जिल्ह्याचा संघ निवडणार होते. तिचे वडील जोतीराम यांनी सांगून टाकलं होतं, "निवड झाली तर फुडं बारामतीच्या कालेजात घालतो. न्हाय झाली तर दहावीनंतर बास."

शेवटच्या सामन्यात चेंडू आमच्याकडं होता आणि समोर मैदान मोकळं. कडेनं जोतीराम ओरडले, "आगं, फुडं जा की. एक तरी गोल कर."

तिनं मागं पाहिलं. ती गेली असती तर मागं एकटी गोलरक्षक स्वरूपा उरत होती. तिनं चेंडू पुढच्या मुलीकडं ढकलला आणि आपली जागा सोडली नाही. त्याच चेंडूवर गोल झाला आणि आम्ही जिंकलो.

मग निवड समितीच्या आप्पासाहेबांनी फॉर्म उघडला. नाव, शाळा, केलेले गोल.

"पाच सामने, आणि एक बी गोल न्हाय?"

"सर, आमच्यावर बी एक झाला न्हाय."

"त्याला रकाना न्हाय, पोरी."

मी तिच्या हातातच होते. कुणाच्या तरी नडगीवर बसावं असं मला फार वाटलं.

दहावीनंतर तिची शाळा सुटली. शाळेनं मला मोडीत काढलं, तेव्हा तिनंच मागून घरी आणलं. त्याला आता तीन वर्षं होतील.

मित्रांनो, सामना बघाल तेव्हा न झालेले गोलही मोजा. त्यांच्यापुढं कुणीतरी उभं असतं.

रोज तिन्हीसांजेला जोतीराम मला खुराड्याच्या दाराला आडवी लावतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगतात, "ही काठी हाय म्हणून आजवर मुंगसानं एक कोंबडी नेली न्हाय."

विजयमाला चुलीपुढं भाकरी थापत असते. ती मान वर करत नाही.