पाहिलं असेल तर कळवा

रेडिओवर सकाळी दहाला तिचा कार्यक्रम असे. श्रोते फोन करून मनातलं बोलत आणि तिला ताई म्हणत. मंगळवारी एका बाईचा फोन आला. तपकिरी पिशवीवाला एक माणूस शाळेच्या फाटकाशी बराच वेळ उभा होता, मुलांकडे बघत होता. ताई सवयीने बोलून गेली, "कुणी पाहिलं असेल तर कळवा."

अकरापर्यंत नऊ जणांनी कळवलं. बुधवारी फोन खाली ठेवायला सवड मिळेना. कुणाला त्याच्या पिशवीत सुरी दिसली, कुणाला दोरी. निर्माता खूश होता. एवढे फोन वर्षभरात आले नव्हते.

गुरुवारी एकजण म्हणाला, तो डावा पाय ओढत चालतो, आत्ताच कापडबाजारात शिरलाय. ताईचा थोरला भाऊ शिलाई मशीन दुरुस्त करायचा. त्याच्या पिशवीत पान्हे असत. शाळेच्या शिवणवर्गातली मशीनही तोच बघायचा. लकवा झाल्यापासून त्याचा डावा पाय ओढला जाई.

तिने तिथल्या तिथे सगळ्यांना सांगून टाकलं, की तो माझा दादा आहे, त्याला जाऊ द्या.

पलीकडचा माणूस हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, तुमच्यावर कुणी दबाव आणतंय का? नुसतं हो म्हणा."

कार्यक्रम तसाच टाकून ती धावत सुटली. कापडबाजारात एका शिंपिणीने दादाला दुकानात घेऊन शटर ओढलं होतं. बाहेर पन्नासेक माणसं उभी होती. आरडाओरडा नव्हता. बऱ्याच जणांच्या कानाशी मोबाइल होता आणि त्यातून तिच्याच कार्यक्रमाचं संगीत ऐकू येत होतं.

"मी रेडिओवरची ताई," ती म्हणाली.

पुढच्या माणसाने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आवाज तसा वाटत नाही," तो म्हणाला, आणि कुणीही वाट दिली नाही.

शेवटी पोलिसांनी दादाला मागच्या दाराने काढलं. त्याला ओरखडाही उठला नव्हता. पण घरी आल्यावर त्याने पिशवी कोपऱ्यात टाकली ती टाकलीच, पुन्हा उंबरठा ओलांडला नाही. तिनेही सुट्टी घेतली.

सोमवारी दोघं चहा पीत बसले होते. रेडिओवर निर्माताच फोन घेत होता. एक बाई सांगत होती, तो लंगडा आज सकाळी आठला बसस्थानकावर दिसला, एका मुलीशी बोलत होता.

दादाने कप खाली ठेवला. बराच वेळ तो आपल्या पायाकडे बघत राहिला.

"आज मी बाहेर गेलो नव्हतो ना गं?" त्याने विचारलं.

नाही म्हणून तिने रेडिओ बंद केला. खालच्या मजल्यावरचा मात्र चालूच होता.