एक तोंड कमी

"तेलाच्या डब्याले कुलूप? उद्या पाण्याच्या माठालेबी ठोकान तुम्ही!"

मंदाकिनीचा आवाज कुंपणापल्याड गेला. शेजारीण भाजी तोडता तोडता थांबली. नरहरीनं किल्ली करदोट्याला बांधली अन् सदरा खाली ओढला.

"हळू बोल ना वं. मी घर वाचवून राह्यलो."

घर भनपुरीच्या मागं होतं. कारखान्यांची भिंत संपते अन् धानाचे बांध सुरू होतात, तिथं. वैशाखाचं ऊन मातीला भेगा पाडत होतं, अन् अंगणात वाळत टाकलेल्या वड्यांवर संध्याकाळपर्यंत काळी भुकटी बसत होती. नरहरी ट्रान्सपोर्टच्या गोदामात मुनशी. मालकानं ओव्हरटाइम बंद केला, तिकडे लेकीच्या, पूर्णिमाच्या, बी.एड.ची फी तोंडावर आली. तेव्हा त्यानं जाहीर केलं, किराणा आता मी पाहतो. ट्रकात किती माल मावतो ते तो नुसत्या नजरेनं सांगे. डाळीबद्दल मात्र त्याला एवढंच ठाऊक होतं की ती पिवळी असते.

गोल बाजारातून त्यानं तांदळाऐवजी कनकी आणली. त्या चुऱ्यात खडे इतके, की मंदाकिनी म्हणाली, "याच्यात ओटा बांधून होते." तुरीच्या जागी स्वस्तातली लाखोळीची डाळ आली, चहातली साखर अर्धी झाली. मंदाकिनी घरामागच्या बाडीतली लाल भाजी, मुनग्याचा म्हणजे शेवग्याचा पाला घालून कोंड्याचा मांडा करत राहिली. अन् नरहरी? तो गोदामाबाहेरच्या टपरीवर दोन समोसे दडपून घरी यायचा आणि ताटावर बसून काटकसरीचं प्रवचन द्यायचा. समोसे बाहेरचे, ते किराण्यात कुठं येतात, असं तो स्वतःला समजावायचा. त्याला ते पटायचंही.

अशात एका दुपारी गोंदियाहून थोरला भाऊ आला. यशवंतराव. हातात पिशवी, पिशवीत चार जोड कपडे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!

नरहरीचा चेहरा पडला. ज्या भावापुढं आयुष्यभर ऐट मिरवली, त्याला आता कनकी वाढायची? त्यानं मंदाकिनीला आत गाठलं, किल्ली काढून पुढं केली.

"घे. भजी तळ. मी तूरडाळ अन् तूप घेऊन येतो."

"काहून? पाहुणा आला म्हून तेल सस्तं झालं का?" तिनं किल्लीकडे पाहिलंसुद्धा नाही. "नेम तुमचा हाय. मी नाही मोडत बाप्पा."

ताटं वाढली. कनकीचा भात, लाखोळीचं पातळ वरण, भाजी. नरहरी घाईनं म्हणाला, "दादा, मले डॉक्टरनं तेल मना केलं. म्हून असं..."

"बाबा, कौन से डॉक्टर ने?" पूर्णिमानं विचारलं.

"तू जेव गुपचाप."

यशवंतराव मान खाली घालून जेवत होते. पुन्हा भात मागितला. पुन्हा वरण मागितलं. भाजीची कढई पुसून निघाली. नरहरी पाहत राहिला. माणूस चवीनं खातो अन् भुकेनं खातो, यातला फरक त्याला तेव्हा कळला, अन् पोटातले समोसे जड झाले.

तेवढ्यात फोन वाजला. यशवंतरावांची बायको, पद्मिनी. पूर्णिमानं फोन स्पीकरवर टाकला.

"मंदा, पोचले का वं हे? ठेवून घे महिनाभर! किराणा कमी करतो म्हून यायनं साऱ्या डब्यायच्या किल्ल्या कमरेले बांधल्या. मले पोळ्या मोजून देत, अन् सोता चौकात जिलेबी खात. मंग मी म्हटलं, खर्च कमी कराचा हाय ना? तं एक तोंड कमी करू. तुमचंच!"

यशवंतरावांनी घास तसाच हातात धरला होता.

"अन् जिलेबी?" मंदाकिनीनं नवऱ्याकडे पाहत फोनवर विचारलं.

"तिकिटात पैसे गेले," उत्तर यशवंतरावांनीच दिलं. "सकाळपासून जिलेबीबी बंद."

पूर्णिमा तोंडात ओढणी कोंबून बाहेर पळाली. नरहरीला कळेना, हसावं की पाटाखाली शिरावं. शेवटी तोच पुटपुटला, "मी समोसे खात होतो."

"मले मालूम हाय," मंदाकिनी म्हणाली. "सदऱ्याले वास येते. धुते कोण?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं दोघा भावांच्या हाती कुदळी दिल्या. बाडीचा मागचा तुकडा दगडासारखा झाला होता. तिथं भेंडी अन् बरबटीच्या शेंगा लावायच्या, बाजाराची भाजी बंद करायची. ऊन चढलं. यशवंतरावांच्या तळहाताला फोड आले. नरहरीची कंबर धरली.

"मंदा, किती दिवस ठेवणार तू मले?" यशवंतरावांनी विचारलं.

"भेंडी लागेपर्यंत, दादा. मंग अर्धी गोंदियाले घेऊन जा. ताई दार उघडतीन."

शेजारीण कुंपणाशी आली अन् पाहुण्यालाही कामाला जुंपलेलं पाहून हसली. "कइसे मुनशीजी, पहुना ला घलो काम मा लगा देव?"

नरहरी काही बोलणार, तोच यशवंतराव कुदळीवर रेलून, घाम निथळत म्हणाले,

"पाहुणा नाही बाई. मी गोंदियाची बचत हो. इथं जमा झालो."