दीड मिलिमीटर

सभागृहाच्या भिंतीवर टांगलेला तो नकाशा त्या सोमवारी दुपारी शंभरावर माणसांनी निरखून पाहिला. एकाच माणसाने त्याच्याकडे पाठ फिरवली होती, आणि नकाशा त्यानेच काढलेला होता.

नगरपालिकेच्या नगररचना विभागात तो तेहेतीस वर्षे आरेखक होता. कचेरीतली माणसे पाठीमागे त्याला ‘रेघोबा’ म्हणत, आणि ही थट्टा कानावर आली की तो मनातून सुखावत असे. कारण रेघेखेरीज दुसऱ्या कशाचा अभिमान बाळगावा असे त्याच्या आयुष्यात फारसे घडलेच नव्हते. निवृत्तीला सात महिने उरले होते.

प्रश्न टाकीच्या गल्लीचा होता. पाण्याच्या टाकीच्या उंच दगडी भिंतीसमोर एका ओळीत एकोणचाळीस दुमजली घरे उभी होती, आणि त्यांत त्याच्या तिप्पट कुटुंबे दाटीवाटीने राहत होती. या घरांच्या जागी सहा मजले चढवू द्यावेत की नाही, यावर नगरपालिका दीड वर्ष भांडत होती. आडवा येण्याजोगा नियम एकच होता: सहा मजल्यांची परवानगी हवी तर समोरचा रस्ता सबंध लांबीत नऊ मीटर रुंद असावा, म्हणजे आग लागल्यास बंब आत शिरून शिडी उभारू आणि वळू शकेल. नकाशावर गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊ मीटर होती. जमिनीवर ती एका ठिकाणी तेवढी नव्हती, आणि ही गोष्ट सभागृहात दोघांनाच ठाऊक होती.

त्यातल्या एकाला, म्हणजे आरेखकाला, ती गुरुवारी नव्याने कळली होती. सभेसाठी नकाशाची मोठी प्रत करायची होती. खालून दिवा लागणाऱ्या काचेच्या टेबलावर त्याने आपला बावीस वर्षांपूर्वीचा तक्ता पसरला, आणि सहज ताडून पाहावे म्हणून त्याखाली त्याहून जुना, कापडावर चिकटवलेला मूळ तक्ता सरकवला. दोन्ही तक्त्यांच्या रेघा एकमेकींवर चपखल बसल्या. फक्त गल्लीच्या मध्यावर, बोळाच्या कोपऱ्यावरच्या घरापाशी, जुनी रेघ खोडकर मुलाने जीभ काढावी तशी दीड मिलिमीटर बाहेर आलेली होती. हजारास एक या मापाने दीड मिलिमीटर म्हणजे जमिनीवर दीड मीटर. तेवढे घर रस्त्यात पुढे आलेले होते.

आणि ते घर कोणाचे, हे त्याने विचारायचे कारण नव्हते. त्यात तो जन्मला होता.

मग त्याला ती दुपार लख्ख आठवली. त्याला हे काम शिकवणारे थोरले आरेखक म्हणत, “रेघ थरथरली की माणूस उघडा पडला.” जुना तक्ता जीर्ण झाला म्हणून तो नव्याने गिरवायला घेतला, तेव्हा हा मधलाच उंचवटा त्याच्या डोळ्यांत कुसळासारखा सलला. तो घराचा कोपरा आहे हे इतर कोणाला कळले नसते, त्याला कळत होते. तरीही पाहणाऱ्याला वाटेल की आपलाच हात हलला, या एका धाकाने त्याने पट्टी लावली आणि गल्ली सरळ केली. तो तक्ता पुढे चौकटीत बसवून साहेबांच्या खोलीत लावला गेला. नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला त्यापुढे उभे करून सांगत, काम असे असावे.

गुरुवारी संध्याकाळीच तो साहेबांकडे, म्हणजे नगररचनाकारांकडे गेला. साहेबांनी सगळे ऐकून घेतले आणि खिडकी लावून घेतली.

“तक्ता शासनाने मंजूर केलेला आहे?”

“आहे, साहेब.”

“मग तीच जमीन. खाली काय आहे ते बघायला कोण जातंय? दीड वर्ष राबलो आपण. शंभर कुटुंबांना हक्काची घरं मिळतील. आणि तुम्ही, तुमच्या सख्ख्या बहिणीला घर मिळत असताना, टीचभर रेघेसाठी पाय ओढणार?”

“टीचभर नाही, साहेब. बंबाला वळता येणार नाही एवढी.”

“घरी जा,” साहेब म्हणाले. “आणि शांत झोपा.”

तो घरी गेला, झोपला मात्र नाही. शनिवारी रिवाजाप्रमाणे बहिणीकडे जेवायला गेला. वडिलांनी ते घर धाकटीला दिले होते, कारण त्याला नगरपालिकेची खोली मिळाली होती. पुढच्या खोलीत, रस्त्यावरच्या खिडकीला लागून, तिचे शिवणयंत्र होते. त्या खिडकीच्या उजेडावर तिने तीन मुले वाढवली होती. मागच्या खोलीत थोरला मुलगा आणि सून, वरच्या माडीवर भाडेकरू, आणि धाकटी मुलगी पुस्तके घेऊन जिन्यात. “मामा, सातवी पायरी माझी आहे हं,” ती म्हणाली. “त्यावर पाय देऊ नका, तिथे रसायनशास्त्र आहे.” सगळे हसले. बहिणीने नव्या घरात कपाट कुठे ठेवायचे ते हवेत बोट फिरवून दाखवले. तो मान डोलावत राहिला.

आता सभागृहात तीच बहीण तिसऱ्या रांगेत, गल्लीतल्या बायकांच्या मध्ये, इस्त्रीची साडी नेसून बसली होती.

वाद ऐन रंगात आला होता. टेकडीवरच्या बंगल्यांच्या वतीने बोलत होते एक निवृत्त प्राचार्य. गल्लीच्या वतीने नगरसेविका, जी स्वतः त्याच गल्लीत राहणारी आणि सरकारी दवाखान्यात परिचारिका होती.

“घनता, घनता!” प्राचार्य म्हणाले. “माणसं म्हणजे काय चादरी आहेत, घडी घालून कपाटात रचायला?”

“सर, घडी घालून तर आम्ही आत्ताच राहतो,” परिचारिका म्हणाली. “आमच्याकडे रात्री कूस बदलायची तर आधी शेजारच्याची परवानगी लागते.”

मागे हशा पिकला. प्राचार्य हसले नाहीत.

“आणि सहा मजल्यांची सावली? माझी सबंध बाग अंधारात जाईल.”

“तुमच्या गुलाबाच्या एका वाफ्यात माझं बिऱ्हाड मावेल. गुलाबांना विचारून बघा, थोडे सरकतात का.”

“वैयक्तिक टीका नको,” अध्यक्षीणबाईंनी हातोडी आपटली. त्या पेशाने वकील होत्या आणि नियमांना देवाज्ञेपेक्षा जपत. “आज मतदान होईल. ठराव पडला, तर कायद्याप्रमाणे हा विषय पाच वर्षं पुन्हा येणार नाही. आता नेहमीचा प्रश्न.”

या सभागृहाची एक जुनी रीत होती: जमिनीविषयी कोणताही ठराव मताला टाकण्याआधी, ज्याची सही तक्त्यावर असेल त्याने उभे राहून, तोंडी, सर्वांदेखत सांगायचे की नकाशा जागेशी जुळतो. एका शब्दाचे उत्तर. आजवर आरेखकाने ते अकरा वेळा दिले होते, आणि दरवेळी लोक ते ऐकण्याऐवजी चपला शोधत असत.

“नकाशा जागेशी जुळतो?”

तो उभा राहिला. समोर साहेब टाचणीने नख साफ करत होते. त्याला कळत होते की त्याचा एक शब्द कोणाच्या ओंजळीत पडणार आहे. गुलाबवाल्यांच्या. बाजू गल्लीचीच खरी होती. घरे हवीच होती. आणि खऱ्या बाजूसाठी दीड मिलिमीटरचे मौन पाळले तर त्यात पाप कोणते, हा युक्तिवाद चार दिवस त्याने स्वतःशी इतक्या परींनी केला होता की तो आता जवळजवळ सिद्ध झाला होता. त्यात खोट एकच राहिली होती. बंब अडकणार होता तो टेकडीवर नव्हे. तो त्या कोपऱ्यावर अडकणार होता, आणि धूर जिन्यानेच वर चढतो. सातवी पायरीही त्याच जिन्यात असणार होती.

“जुळत नाही,” तो म्हणाला.

चपला शोधणारे पाय थांबले.

“त्यांना असं म्हणायचं आहे—” साहेब अर्धवट उठले.

“मला म्हणायचं होतं ते मी म्हटलं, साहेब. कोपऱ्यावरच्या घरापाशी रस्ता साडेसात मीटरच्या आसपास आहे. मूळ तक्त्यावर तसाच होता. गिरवताना मी तो सरळ केला.”

“चूक झाली?” अध्यक्षीणबाईंनी विचारले.

तिथे त्याला सुटता आले असते. ‘चूक’ हा शब्द त्यांनी जणू खुर्चीसारखा पुढे सरकवला होता.

“नाही. मला दिसत होतं. रेघ कुरूप दिसत होती म्हणून केला.”

मग जो गदारोळ उठला त्यात कोण काय बोलले हे इतिवृत्तातही नीट उतरले नाही. प्राचार्य टाळी वाजवून म्हणाले, “वा! एवढं प्रामाणिक भाषण या सभागृहात प्रथमच झालं.” गल्लीतली एक म्हातारी ओरडली, “अरे मेल्या, आमच्याच गल्लीत खेळून मोठा झालास ना तू?” परिचारिका त्याच्याकडे अशी पाहत होती, की जणू तिने बांधलेली पट्टी त्याने तिच्यासमोर फाडली. बहिणीकडे मात्र त्याला पाहवले नाही.

हातोडी पाच वेळा आपटली. “मतदान अर्ध्या तासाने. तोवर आपण जागेवर जाऊन मोजू.”

टाकीची गल्ली सभागृहापासून पाच मिनिटांवर होती. सगळी सभा रस्त्याने चालत निघाली, तेव्हा दुकानदार दारात येऊन विचारू लागले की काय झाले, कोण गेले. टाकीच्या भिंतीला आरेखकाने टेपचे एक टोक लावले. दुसरे टोक कोणी धरायचे यावर क्षणभर चुळबूळ झाली. बहीण पुढे आली, तिने टेप त्याच्या हातातून घेतली, चालत गेली आणि आपल्या घराच्या कोपऱ्याला टेकवली. टेपने मोजायची तिला सवयच होती.

“सात मीटर अठ्ठेचाळीस,” ती म्हणाली. आवाजात काही नव्हते.

“झालं तर,” प्राचार्य म्हणाले. “ठराव आपोआप बारगळला.”

“थांबा,” परिचारिका म्हणाली. “बाकी सगळीकडे नऊ भरतात ना? मग हा कोपरा मोकळा झाला तर?”

अध्यक्षीणबाईंनी क्षणभर विचार केला. “टाकीची भिंत हलणार नाही. पण घरमालकाने तेवढी पट्टी सोडायला आत्ता लेखी संमती दिली, तर ठराव त्या अटीवर मताला टाकता येईल. आधी कोपरा पडेल, मग परवानग्या.”

“आणि यांना नवं घर मिळायची पाळी कधी येईल?” प्राचार्यांनी विचारले. या वेळी त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खराखुरा प्रश्न होता. “एकोणचाळीस घरं आहेत. तीन वर्षं? चार? तोवर ह्या बाई शिवणार कुठे?”

सबंध गल्ली बहिणीकडे पाहत होती, आणि कोणीच तिला ‘दे’ म्हणत नव्हते, हे ‘दे’ म्हणण्याहून कठीण होते.

बहीण आत गेली आणि कापड आखायचा चपटा खडू घेऊन दारात आली.

“दादा, आत ये. नक्की किती जातं ते काढून दाखव. मला डोळ्यांनी बघायचंय.”

तो आत गेला. दारात माणसे दाटली. त्याने बाहेरच्या कोपऱ्यापासून एक मीटर बावन्न मोजून खुणा केल्या, आणि जन्मलेल्या घराच्या फरशीवर गुडघे टेकले. पट्टी मागायचे त्याला सुचले नाही. रेघ खिडकीच्या अलीकडून निघाली, कापड बेतायच्या टेबलाचे दोन पाय पलीकडे टाकून, शिवणयंत्राच्या पायडलखालून, थरथरत, मध्येच फरशीच्या सांध्यावर अडखळत, समोरच्या भिंतीला जाऊन भिडली.

“वाकडी आली हो,” दारातून कोणीतरी पुटपुटले.

“असू दे,” तो म्हणाला.

बहिणीने रेघेकडे पाहिले. खिडकी पलीकडे होती. उजेड सगळा पलीकडे होता.

“शनिवारी तुला माहीत होतं?” तिने विचारले.

“हो.”

“माझ्या ताटाला ताट लावून जेवलास. कपाट कुठे ठेवू म्हणून मी विचारत होते, आणि तू मान हलवत होतास.”

तेहेतीस वर्षे त्याने लोकांच्या घरांच्या रेघा काढल्या होत्या. घरातल्या माणसांशी बोलायची वेळ आली नव्हती.

तिने पदर खोचला, शिवणयंत्राच्या दोन्ही बाजू धरल्या आणि ओढले. ओतीव लोखंडाचे पाय फरशीवर करकरले. ते जेमतेम वीतभर सरकले. तो मदतीला पुढे झाला.

“तू हात लावू नकोस,” ती म्हणाली. “तू सगळं सरळच करायला जातोस.”

परिचारिका आत आली, तिने पर्स काखोटीला मारली आणि दुसरी बाजू धरली. मघाची म्हातारीही आली. तिघींनी मिळून यंत्र रेघेच्या अलीकडे, भिंतीच्या अंधाऱ्या बाजूला आणून लावले. बहिणीने त्यावरची धूळ तळव्याने पुसली आणि दारातल्या अध्यक्षीणबाईंकडे वळली.

“कुठे सही करायची?”

कागद यंत्रावरच ठेवला गेला. त्या बाजूला नीट दिसत नव्हते, तेव्हा कोणीतरी दिवा लावला. आरेखक अजून गुडघ्यांवरच होता. हाताला लागलेला खडू झटकण्याऐवजी त्याने तो तसाच मुठीत धरून ठेवला, आणि बहिणीने सही करून कागद परत दिला तेव्हा पलीकडे जायला तिने त्या वाकड्या रेघेवर पाय न देता, साडी सावरून, जपून पाऊल टाकले.