उजवा कौल

महिपतने चित्रफीत चौथ्यांदा थांबवली आणि या वेळी देवाकडे न पाहता देवामागच्या भिंतीवरचे घड्याळ पाहिले. सेकंदकाटा उलटा फिरत होता.

त्याने फोन डोळ्यांजवळ नेला. काटा बारावरून अकराच्या जागी, तिथून दहाच्या जागी गेला. घड्याळावर देणगीदाराचे नाव रंगवले होते, तेही उलटे. कोडे काही नव्हते. बायकोच्या हौसाआत्यांच्या फोनचा मागचा कॅमेरा गेल्या गणपतीत फुटला, तेव्हापासून आत्या फोनचा पडदाच समोरच्या दृश्याकडे वळवून सेल्फीच्या कॅमेऱ्याने सगळे टिपत. तो कॅमेरा आरशासारखा होता. डावे ते उजवे करून ठेवत होता.

"दिसलं ना?" कर्ज कार्यालयाच्या बाकावर शेजारी बसलेली त्याची बायको दर्शना म्हणाली. "उजव्या खांद्यावरचं पडलं. स्वच्छ."

"दिसलं," महिपत म्हणाला, आणि फोन तिला परत दिला.

लांज्याच्या पुढे, तिच्या माहेरी, लग्न ठरवायचे असो की विहीर खणायची, आधी ग्रामदेवाला कौल लावत. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुले चिकटवी आणि गाऱ्हाणे घाली. उजवे आधी पडले तर होकार, डावे पडले तर नकार. लोट्याच्या एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत पंधरा वर्षे काढलेला महिपत याला पृष्ठताण आणि गुरवाच्या बोटांचा ओलावा म्हणत असे. आज त्याने यातले काही म्हटले नाही. आत्यांनी गाऱ्हाण्यानंतरची वीस सेकंदे तेवढी पाठवली होती; फूल पडते आणि चित्रफीत तिथेच संपते. त्यानंतर त्यांचा फोन लागत नव्हता.

आठवडाभर वाद एकच होता. कुवारबावच्या फ्लॅटसाठी बत्तीस लाख घ्यायचे. व्याजदर तीन वर्षे स्थिर ठेवला तर हप्ता पावणेसत्तावीस हजारांच्या आसपास, पुढे बाजार नेईल तसा. दहा वर्षे स्थिर ठेवला तर अडीच हजारांनी जास्त, पण दहा वर्षे आकडा हलायचा नाही. दर्शना टपाल कचेरीत होती. लोकांना दीर्घ मुदतीची ठेव विकण्यात तिचा दिवस जाई. ती दहा म्हणत होती. महिपत तीन म्हणत होता. शेवटी ती म्हणाली होती, उजवा कौल आला तर तीन.

"दर उतरणारच आहेत," तो सांगे. "जास्त दराला दहा वर्षं स्वतःला बांधून कशाला घ्यायचं?"

खरे कारण त्याच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात, घडी घालून, अकरा दिवस पडून होते. कंपनीचे पत्र: एकतीस मार्चपासून प्रयोगशाळा बंद होणार. तो लोट्याला खोली घेऊन राही, शनिवारी घरी येई. पत्र लपवायला एवढे अंतर पुरेसे होते. एका पगारावर हप्ता जितका लहान तितका बरा. शिवाय स्थिर दराच्या मुदतीत घर विकून कर्ज मिटवले तर दोन टक्के दंड होता. तीन वर्षांच्या कर्जात तो तीन वर्षांनी सुटे, दहाच्या कर्जात दहा वर्षे मानगुटीवर राही. मुळात कर्जच न काढणे हा सर्वांत सरळ उपाय होता. पण त्यासाठी पत्र दाखवावे लागले असते.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या समर्थ नावाच्या अधिकाऱ्याने त्यांना आत बोलावले.

"ठरलं का, वहिनी? मागच्या वेळी तुम्ही दोघं दोन टोकांना होतात."

"तीन वर्षं," दर्शना म्हणाली.

"अरे वा. साहेबांनी जिंकलं म्हणायचं."

"साहेबांनी नाय हो," ती हसली. "वरच्या साहेबांनी."

समर्थने कागद पुढे सरकवले. "आणि कंपनीत सगळं व्यवस्थित ना?"

"पंधरा वर्षं झाली मला तिथे," महिपत म्हणाला. वाक्य अचूक होते.

दर्शनाने टपालातल्या सवयीने प्रत्येक पान वाचले, प्रत्येक खुणेवर सही केली, आणि फ्लॅटच्या उरलेल्या किमतीचा बारा लाखांचा धनादेश पाकिटातून काढला. तिच्या लग्नाआधीपासूनच्या ठेवी तिने मोडल्या होत्या. धनादेश देण्यापूर्वी तिने त्यावरची तारीख पुन्हा तपासली. महिपत तिच्या बोटांकडे पाहत होता. घड्याळाबद्दल एक वाक्य पुरले असते. ते त्याने गिळले. दगडातला देव त्याला खोटा वाटत होता; त्याचा सल्ला मात्र सोयीचा होता. मग दगडाचे म्हणणे दुरुस्त करण्याची जबाबदारी त्याच्यावर का यावी?

बाहेर स्कूटरपाशी आल्यावर ती थांबली.

"एक सांगू? रागवायचं नाय."

"बोल."

"मी तीन की दहा असं विचारायला सांगितलंच नव्हतं आत्याला. देवाला व्याजाचं काय कळतंय?"

"मग काय विचारलंस?"

ती ओढणीचे टोक सारखे करत राहिली. "गेले दोन शनिवार तुम्ही वेगळेच वाटताय. जेवताना बोलत नाय, पिशवी उशाशी घेऊन झोपता. म्हटलं, विचारून घेऊ एकदा. 'माझा नवरा मला सांगतो ते खरं आहे का?'" मग घाईने म्हणाली, "उजवा आला, बरं का. मनावरचं ओझं उतरलं. म्हणून तर तीनवर सही केली."

महिपतने किल्ली काढली. शक्यता दोनच आणि प्रयोग एकच. नाणे उडवण्याइतकीच किंमत. यातून काहीही सिद्ध होत नव्हते. त्याने ते मनात तीनदा सांगितले आणि किल्ली हातातून पडली.

तो ती उचलत असताना दर्शनाचा फोन वाजला.

"हां, आत्या! कधीपास्नं लावतेय... हो, पोचला. उजवा आला ना!" ती ऐकू लागली. "नाय गो, उजवा. मी बघितला... गुरव काय म्हणाले?... परत सांग."

तिने फोन ठेवला.

"आत्या म्हणते, डावा. व्हिडिओत तर उजवा दिसतोय. असं कसं हो? तुमच्या सायन्समध्ये असेल काहीतरी."

होते. शाळेच्या पुस्तकात होते, आकृतीसकट.

"आत्यांना मोतीबिंदू आहे," महिपत म्हणाला. "नीट दिसलं नसेल."

"गुरवालाही मोतीबिंदू?"

त्याने स्कूटर स्टँडवरून उतरवली. ती मागे बसली. नेहमी त्याच्या खांद्यावर येणारा हात आज आला नाही. चित्रफीत पुन्हा सुरू झाल्याचे त्याला तिच्यातल्या देवळाच्या घंटेच्या बारीक आवाजावरून कळले. एकदा, मग आणखी एकदा.

त्यानंतर तिचा हात त्याच्या कानाजवळून पुढे आला. तिने फोन स्कूटरच्या आरशासमोर धरला होता, पडदा आरशाकडे करून.

आरशात सेकंदकाटा सरळ फिरत होता. ती फूल पडण्याची वाट पाहत होती.