येणार, दोन जण

चिंगीच्या लग्नाची पहिली पत्रिका आम्ही तिच्या आईला पाठवली. आई जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते.

ही काही वेडाची गोष्ट नाही. माझ्या बायकोच्या माहेरची रीत आहे. घरात लग्न ठरलं की पहिली पत्रिका घरातल्या सगळ्यात शेवटी गेलेल्या माणसाच्या नावाने लिहायची आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवून द्यायची. आमच्या लग्नात ती हिच्या आजोबांच्या नावाने लिहिली होती. मी हसलो, तर ही म्हणाली, "हसा. जिवंत माणूस रुसलं तर समजूत तरी काढता येते."

चिंगीला लग्न आपल्या मनासारखं करायचं होतं. माणसं पन्नासच. जागा म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्याची इमारत, उंच खिडक्यांची. एकमेकांना द्यायची वचनं दोघांनी स्वतः लिहायची. अंगावर मात्र आईच्या लग्नातलं जरीचं कापड, पण त्याचा लांब कोट शिवून. ते ऐकून हिची धाकटी बहीण, म्हणजे चिंगीची मावशी, म्हणाली, "नवरी आहेस का वकील?"

पत्रिकाही कागदाची नव्हती. ती फोनवर यायची. उघडली की खाली प्रश्न असायचे. येणार का? किती जण? कुठे बसायला आवडेल? जेवणार का? आणि शेवटी वधूवरांसाठी दोन शब्द लिहायला जागा.

"पहिली ताईच्या नावाने," मावशी म्हणाली.

"मग काय फोन कपाटात ठेवू?"

"जिभेला काही हाड? तुझी आई आहे ती."

चिंगीने फोन हातात घेतला. मग तिने आईच्या नंबरवर खरंच पत्रिका पाठवली. चूक झाली ती तिथे, पण ते कळायला मला चार दिवस लागले. कपाटात ठेवलेल्या पत्रिकेला कुणी उत्तर देऊ शकत नाही. हिच्या घराण्यात इतक्या पिढ्यांत गेलेल्या माणसाला नुसतं बोलावलं होतं. येणार का, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. आम्ही विचारलं.

मी अडतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. खांबावर चढून तारा जोडणं हे माझं काम. चालू लाइन आणि मेलेली लाइन यातला फरक मला कानाला रिसीव्हर लावला की कळतो. हिचा नंबर मी बंद केला नव्हता, पण फोन हिच्या कपड्यांच्या खणात पडून होता आणि त्यातलं सिमकार्ड मी काढून हिच्या गोळ्यांच्या डबीत ठेवलं होतं. त्या नंबरवर काही पोचायला रस्ताच नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी लग्नाची व्यवस्था बघणारी बाई घरी आली. तिला आम्ही सगळे इव्हेंटवाली म्हणायचो. चिंगी होती, मावशी होती, आणि आमचा होणारा जावई होता, ज्याला दारातून वाकून यावं लागतं म्हणून मावशीने लांब्या नाव ठेवलं होतं. इव्हेंटवाली आलेली उत्तरं वाचून दाखवत होती. अमके तिघं, तमके येत नाहीत. मग तिने हिचं नाव वाचलं. तिला बिचारीला ती कोण ते माहीत नव्हतं.

"या बाई येणार. दोन जण. बसायला दाराजवळ. जेवण नको, दोघांनाही नको." ती थांबली. "दोन शब्द जरा वेगळेच आहेत. 'अहो, या वेळी उशीर करू नका.'"

 चिंगीने मावशीकडे बघितलं.

"मावशी, ही काय थट्टा आहे?"

"मी? अगं, मला फोनवर साधा फोटो मोठा करता येत नाही!" मावशी रडायलाच लागली. "आणि ताईची थट्टा मी करेन?"

लांब्या म्हणाला, "नंबर दुसऱ्या कुणाला दिला असेल कंपनीने. देतात."

मी उठून गोळ्यांची डबी आणली. कार्ड डबीतच होतं. ते फोनमध्ये घातलं, फोन चार्जिंगला लावला. सगळे त्याच्याभोवती बसले, आजाऱ्याभोवती बसावं तसे. फोन सुरू झाला. जुने निरोप होते. दूधवाल्याचा होता, माझाही एक होता, 'निघालो' असा. पत्रिका नव्हती. ती त्या फोनवर आलीच नव्हती. न आलेल्या पत्रिकेचं उत्तर मात्र गेलं होतं.

"काहीतरी बिघाड असेल. मी काढून टाकते हे नाव," इव्हेंटवाली म्हणाली. तिने आमच्यासमोर ते काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा चिंगीला फोन आला. नाव यादीत परत होतं. उत्तर तेच.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी तोवर कुणालाही सांगितली नव्हती.

ही गेली त्या दिवशी मला हॉस्पिटलमधून फोन आला, ताबडतोब या म्हणून. मी हिला 'निघालो' असं कळवलं. पण निघालो नव्हतो. अंगातला शर्ट चुरगळलेला होता आणि हिला ते आवडायचं नाही. मी दुसरा शर्ट काढला आणि त्याला इस्त्री करत बसलो. कॉलर, बाह्या, सगळं. खरं म्हणजे मला जायची भीती वाटत होती. मी पोचलो तेव्हा नर्स म्हणाली, आत्ताच, दहा मिनिटांपूर्वी. शेवटपर्यंत दाराकडे बघत होत्या. चिंगीला मी सांगितलं की बस उशिरा आली.

त्यामुळे 'या वेळी उशीर करू नका' हे कुणी लिहिलं याबद्दल मला शंका नव्हती. दुसरा माणूस कोण, याबद्दलही नव्हती. मला भीती वाटली नाही. बरं वाटलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा मी रात्रभर झोपलो.

मग मी आवरायला लागलो. घराची कागदपत्रं एका पिशवीत घातली. पक्कड, पाने, खांबावर चढताना बांधायचा माझा कमरेचा पट्टा शेजारच्या इलेक्ट्रिशियनला देऊन टाकला. गॅसचा नंबर कुठे लिहिलाय, पाण्याचा मुख्य नळ कुठून बंद होतो, ते चिंगीला दाखवलं. लग्नाला पाच दिवस राहिले होते. तिला कोटाच्या बटणांची घाई होती, तरी ती माझ्या मागून सगळं बघत फिरली. नळापाशी तिने विचारलं.

"बाबा, पट्टा का दिलात?"

"पडून होता. चामडं कडक व्हायला लागलं होतं."

"मला हात लावू देत नव्हतात त्याला."

"आता काय करायचाय मला?"

"तुम्हाला जायचंय तिच्याबरोबर," ती म्हणाली.

मला खोटं बोलता आलं असतं. आधी बोललोच होतो. मी तिला इस्त्रीचं सांगितलं. ती ओल्या फरशीवर तशीच उभी राहून ऐकत होती.

"म्हणजे बस वेळेवर होती."

"हो."

"मग मी लग्नच करत नाही," ती म्हणाली. "लग्न नाही तर बोलावणं नाही. बोलावणं नाही तर ती यायची नाही, आणि तुम्ही जायचे नाही. संपलं."

"वेडी आहेस का? एकोणतीस वर्षांची घोडी झालीस."

"आई गेली तेव्हा रडायला मला तुम्ही होतात, बाबा. तुम्ही गेल्यावर मी कुणाच्या गळ्यात पडू? लांब्याच्या? त्याच्या गळ्यापर्यंत माझा हातसुद्धा पोचत नाही."

हे बोलताना ती हसली, आणि मग तिला हसू आवरेना, आणि मग रडू आवरेना. मी नळ चालू केला. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी इव्हेंटवालीच्या ऑफिसात गेलो. पाहुण्याच्या उत्तराखाली यजमानाला लिहायला जागा असते, असं ती म्हणाली. तिने मला ते पान उघडून दिलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभी राहिली. माझी बोटं जाड आहेत. पाऊण तास लागला. मी लिहिलं, 'तू ये. एकटी ये. मी चिंगीजवळ बसणार आहे.'

हिला मी आयुष्यात कधी नाही म्हटलं नव्हतं. ते लिहून झाल्यावर मला खुर्चीतून उठवेना.

उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. लग्नाच्या सकाळपर्यंत यादीत आकडा दोनच होता.

लग्न अकराचं होतं. छापखान्यात खूप उजेड होता. मधली वाट सोडून दोन्ही बाजूंना खुर्च्या, समोर एक बुटका चौथरा, त्याच्यावर ती दोघं उभी राहणार, तोंडं आमच्याकडे आणि दाराकडे. दाराजवळ दोन खुर्च्या वेगळ्या मांडल्या होत्या. मांडणाऱ्यांनी यादीप्रमाणे मांडल्या, त्यांचा काय दोष. मावशी त्यांच्याकडे पाठ करून उभी होती.

"भाऊजी, काढून टाकायला सांगू का?"

"एक राहू दे. बोलावलंय तिला."

दुसरी मी स्वतः उचलली. मधल्या वाटेने पुढे नेली आणि पहिल्या रांगेच्या टोकाला ठेवून तिच्यावर बसलो. चिंगीने बजावलं होतं, मला दिसाल असे बसा.

कोटात ती चांगली दिसत होती. लांब्याने त्याची वचनं वाचली. दोनदा अडखळला, लोक हसले. मग तिने कागद उघडला. चार ओळी वाचल्या आणि ती थांबली. माझ्या डोक्यावरून तिने दाराकडे बघितलं. लहानपणी शाळा सुटल्यावर फाटकाशी आई दिसली की तिचा चेहरा व्हायचा, तसा झाला. लांब्यानेही बघितलं. तो काही न कळून एक पाऊल बाजूला सरकला.

मग मला मागून आवाज आला. लोक पाय आत घेत होते. वाटेने कुणी यायला लागलं की कडेला बसलेली माणसं पाय आत ओढतात, पिशव्या उचलतात, तसा. आधी शेवटच्या रांगेत. मग तिच्या पुढच्या. कुणीतरी हळूच "या" म्हणालं. रांगेमागून रांग तो आवाज जवळ येत होता. माझ्या मागच्या रांगेत एका म्हाताऱ्याने काठी उचलून मांडीवर घेतली, ते मला ऐकू आलं. मग सगळं थांबलं.

मला उशीर झाला की ही कधी हाक मारायची नाही. नुसती येऊन मागे उभी राहायची. तिचं उभं राहणं मला पाठीला कळायचं.

मी खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरली. मान वळवली असती तर मी उठलो असतो, हे मला माहीत होतं. समोर चिंगी कागद धरून उभी होती.  ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता, पण तिने 'नको ना' म्हटलेलं मला दिसलं.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. लोक म्हणतात, नवरी भावनेने दोन मिनिटं थांबली.

मग म्हाताऱ्याने काठी परत जमिनीवर टेकवली. मागच्या रांगेत पाय सैल झाले. मग त्यामागच्या. तसाच एकेक रांग करत आवाज दारापर्यंत गेला. चिंगीचे डोळे त्याच्याबरोबर गेले, आणि बराच वेळ तिथेच राहिले.

मग तिने खाली, पहिल्या रांगेच्या टोकाला बघितलं. मी होतो.