ओडेसाचं कडवं

बापूंनी छापील कार्यक्रमपत्रिका सत्यजितच्या पेटीवर आपटली. "चाल : सत्यजित? ही चाल तुझी कधीपासून झाली रे?"

शारजातल्या हॉलमागची ती लहानशी खोली. बाहेर मराठी मंडळाचे तीनशे लोक बापूंच्या कीर्तनाची वाट बघत बसलेले. सत्यजित बापूंचा भाचा. ऑफिस सांभाळून त्यांना पेटीवर साथ करणारा.

"मामा, जुनं अमेरिकन गाणं आहे ते. नव्वद वर्षं झाली. आता कोण विचारतंय?"

"मी विचारतोय!"

दुबईच्या करामा भागात बापूंचं फरसाणाचं दुकान. वरच्या मजल्यावर वसईचा जेराल्ड राहतो. तो चर्चमध्ये गातो आणि जुन्या अमेरिकन भक्तिगीतांसाठी जीव टाकतो. त्यानेच बापूंना ती रेकॉर्ड ऐकवली होती. सिस्टर ओडेसा नावाची कृष्णवर्णीय धोबीण चर्चमध्ये प्रवचन गात होती. आधी साधं बोलणं, मग बोलण्यालाच चढत गेलेला सूर, आणि तिच्या प्रत्येक वाक्याला मंडळींचा हुंकार. बापू ताडकन उठून बसले होते. "अरे जेराल्ड, ही बाई कीर्तन करतेय!" इंग्रजी अर्धंमुर्धं कळलं, पण शेवटी तिने स्वतःचं नाव गुंफलं ते स्वच्छ कळलं. अभंगात करणाऱ्याचं नाव शेवटी येतं, अगदी तसंच. पुढे कितीजणांनी ती चाल उचलली, नाव मात्र कुणी घेतलं नाही, असं जेराल्ड म्हणाला, तेव्हा बापूंना जेवण गेलं नव्हतं.

म्हणून तर त्यांनी तिच्याच चालीवर तिच्या प्रवचनाचा मराठी अभंग बांधला होता. आणि आता घरातलाच माणूस तेच करत होता!

"आणि छापलेल्या अभंगातलं शेवटचं कडवं कुठे गेलं?"

"काढलं. कीर्तनात 'ओडेसा म्हणे'? लोक हसतील, मामा. यल्ला, चला, उशीर होतोय."

"जन्मभर गोऱ्यांचे कपडे धुतले तिने. तिचं नाव पुसायला तूच उरला होतास?"

बापू तरातरा मंचावर गेले. रंग चढला, टाळ्यांचा ठेका धरला गेला. सत्यजितने समाप्तीचे सूर धरले, तसा बापूंनी हात वर केला. पेटी थांबली.

"ओडेसा म्हणे देवा, उतरी माझा भार..."

पुढच्या रांगेत खसखस पिकली. "ओडेसा कोण हो बापू? रशियन का?"

बापूंची कानशिलं तापली. "धोबीण होती. हात सोलपटेस्तोवर राबून देवाला हाक मारायची. तुमचं हसून झालं असेल तर परत घेतो."

परत घेतलं. पेटी नाही, तबला नाही, नुसत्या चिपळ्या. हसणं तुटक झालं. तिसऱ्यांदा घेतलं, तेव्हा मागच्या रांगेतून जेराल्डचा खणखणीत आवाज आला, "सांग, ओडेसा!" मग एका आजींचा. मग चार-पाच जणांचा.

सत्यजितने हळूच भाता हलवला. बापूंनी पेटीवर हात ठेवून तो दाबला आणि माइक त्याच्या तोंडासमोर धरला.

"आधी सांग, चाल कुणाची."

सत्यजितने मान खाली घातली. "सिस्टर ओडेसा यांची."

"मोठ्याने," बापू म्हणाले.